फवारणीची वही

द्राक्षबागेत छाटणी, विरळणी, डिपिंग या कामांची चर्चा पारावर रंगते. फवारणीची वही लिहिण्याची कधीच नाही. दिवसभर ब्लोअर चालवून आलेला माणूस रात्री औषधातला घटक, प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस सोडायचे हे कशाला लिहील? निफाड-दिंडोरीकडे जानेवारीत एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेल्या वह्या मी भरपूर पाहिल्यात. अशी वही लगेच ओळखू येते. तिच्यावर औषधाचा एक डाग नसतो आणि धो धो पावसाच्या तारखेलाही फवारणी झालेली असते!

निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने, २००६ साली ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी, बागेतून प्रयोगशाळेने नेलेला नमुना, त्याचा अहवाल, सगळं एका साखळीत आलं. युरोपातल्या पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. शेतकऱ्यांनी हे स्वीकारलं ते निर्यात आणि लोकल भावातल्या फरकासाठी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वहीचं मोल कळलं ते २०१० मध्ये. निमित्त होतं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबावी, काडीत घडाचे डोळे तयार व्हावेत म्हणून सगळेच ते मारायचे. उन्हाळ्यात मारलेलं वेलीत मुरलं आणि महिन्यांनंतर मण्यांत उतरलं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, त्यामुळे अहवाल स्वच्छ आणि माल युरोपात अडकलेला. तिथली मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आमच्या शिवारात बहुतेकांची वही पावसाळा सरताना होणाऱ्या गोडी छाटणीपासून सुरू व्हायची, म्हणून उन्हाळ्यातल्या त्या फवारणीचा मागमूस कागदावर नव्हता. पुढे सीसीसी यादीत आलं. मी मात्र तेव्हापासून नव्या वहीचं पहिलं पान खरड छाटणीच्या दिवशीच उघडतो. वेल वर्षभर सगळं साठवते, मग नोंद अर्ध्या वर्षाची कशी पुरेल?

खटकतं ते वेगळंच. निर्यातीच्या प्लॉटवर दिवस मोजून औषध थांबवायचं आणि बांधापलीकडच्या ‘लोकल’ मालावर काढणीच्या तोंडावरही भुरी रोगाचं औषध मारायचं, हे सर्रास चालतं. अवशेषांच्या मर्यादा आपल्या कायद्यातही आहेत. पण व्यापारी रंग बघतो, गोडी बघतो. वही कुणी मागत नाही. नमुना तपासायला काही हजार लागतात, ते लोकल भावात बसत नाहीत. तेव्हा नाशिक-पुण्यात द्राक्षं घेताना तुम्हीच विचारा, कुठल्या बागेतली, शेवटची फवारणी कधीची. विचारलंत तर आम्ही लिहू. फक्त त्या लिहिण्याचे किलोमागे दोन पैसे जास्त मोजायची तयारी ठेवा.