धर्मकाटा

नागपूरच्या गांधीबागेत चाळीस वर्षे कापडाचा व्यापार केलेल्या माणसाला स्वस्त आणि महाग यांतील भेद शिकवावा लागत नाही. ताग्याचे टोक दोन बोटांत चोळले की सूत कोणते, खळ किती आणि पहिल्या धुण्यानंतर काय उरणार, हे त्याची बोटेच सांगतात. शहरातील एका दिगंबर जैन मंदिराचे कोषाध्यक्ष असेच जाणकार गृहस्थ. तरीही मंदिराच्या अंगणासाठी घेतलेल्या गट्टूंच्या बाबतीत त्यांची पारख चुकली. ती का चुकली, हे समजून घेण्यासारखे आहे; कारण आज अनेक मंदिरे, धर्मशाळा आणि स्वाध्याय भवने यांच्या अंगणांत हेच काम चालते, आणि ते दानाच्या पैशातून चालते.

काम तीन हजार चौरस फुटांचे होते. जुनी शहाबादी फरशी जागोजागी खचली होती. नागपूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बसवलेली फरशी फार काळ सपाट राहत नाही. म्हणून सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, ज्यांना इकडे सर्रास गट्टू म्हणतात, ते बसवावेत असे समितीने ठरवले. चौरस फुटांच्या हिशेबाने दान गोळा झाले. कोणी शंभर फुटांचे दिले, तर एका वृद्ध श्राविकेने आपल्या निवृत्तिवेतनातून पाच फुटांचे दिले. दोन पुरवठादारांचे दर आले. एकाचा फुटाला ४८ रुपये, दुसऱ्याचा ३६. दोघेही ६० मिलिमीटर जाडी सांगत होते. दुसरा म्हणाला, “देवाचे काम आहे, शेठजी, म्हणून एवढी सवलत. मात्र निम्मे बिल पक्के, निम्मे कच्चे.” कोषाध्यक्षांचे मन क्षणभर अडखळले; पण ३६,००० रुपयांची बचत डोळ्यांसमोर उभी होती. समितीने त्यांचे अभिनंदन केले.

ज्येष्ठात अंगण तयार झाले. लाल-पिवळी नक्षी पाहून सर्वांना समाधान वाटले. आषाढातील पावसाने रंग फिका पडला, कडा झडू लागल्या आणि श्रावणात साऱ्या अंगणावर हिरवी साय धरली. चातुर्मासासाठी जवळच विराजमान असलेल्या आर्यिका माताजी एका सकाळी दर्शनाला आल्या. ईर्यासमितीनुसार चार हात पुढची भूमी पाहत येणारी त्यांची पावले दाराशीच थांबली. शेवाळ ही साधारण वनस्पती. तिच्या कणाकणात अनंत जीव. माताजी काही बोलल्या नाहीत. भिंतीकडेने उरलेल्या जुन्या दगडी पट्टीवरून त्या आत गेल्या आणि त्याच वाटेने परतल्या. कोषाध्यक्ष हे पाहत उभे होते. शेवाळ घासून काढावे तर जीवहिंसा, राहू द्यावे तर पाय ठेवायचा कोठे? छत्तीस हजारांची बचत त्या सकाळी त्यांना प्रथमच जड वाटली.

त्यांनी उरलेल्या गट्टूंपैकी एक घरी नेला. पट्टी लावली तर जाडी ५३ मिलिमीटर भरली. चांगला वाळवून तोलला, तेव्हा वजन ३,६०० ग्रॅम. एक अहोरात्र पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलला, तर ३,९६० ग्रॅम. म्हणजे दहा टक्के पाणी त्याने पोटात घेतले होते. अशा गट्टूंसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाणी शोषण्याचे सरासरी प्रमाण सहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. घरचा तराजू म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पण सहा आणि दहा यांतील अंतर दिसण्यास तो पुरेसा होता. सच्छिद्र गट्टू पाणी धरून ठेवतो, ओल टिकते आणि ओलीवर शेवाळ येते. माताजींची पावले ज्याने थांबवली, त्याचे मूळ या ३६० ग्रॅम पाण्यात होते.

गट्टू फोडून पाहणाऱ्या वृद्ध मिस्त्रीने उरलेले सांगितले, “भाऊ, याच्यात चुरीच चुरी आहे, सिमेंट नावाले. अन् गट्टूले पाणी मारा लागते दिवसेंदिवस. हा तर साच्यातून काढला अन् गाडीत भरला.” सिमेंटची ताकद वाळण्याने नव्हे, तर ओलाव्यात मुरण्याने येते आणि तिचे मोजमाप २८ दिवसांनी होते, हे मिस्त्रीला पुस्तकाविना ठाऊक होते. कोषाध्यक्षांना आपल्याच धंद्यातील खळ आठवली. विरळ कापड खळीने भरदार दिसते आणि पहिल्या धुण्यात उघडे पडते. येथे रंगाचा वरचा थर ही खळ होती आणि मृगाचा पाऊस हे पहिले धुणे.

मग त्यांनी वही काढून हिशेब मांडला. चांगल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,३०० किलो धरले, तर ६० मिलिमीटर जाडीच्या एका चौरस फुटाचे वजन जवळजवळ १३ किलो होते. तीन हजार फुटांचे ३९ टन. आलेल्या गाड्या वाटेतल्या धर्मकाट्यावर नेल्या असत्या, तर कमी जाडी आणि कमी घनता दोन्ही चिठ्ठीवर उमटल्या असत्या. पण माल फुटांवर घेतला, वजनावर नाही. आणि फूट तर पूर्ण भरत होते.

स्वस्त माल नेहमीच खोटा असतो असे नव्हे. एखाद्या मोठ्या कामातून उरलेला साठा, रंगात थोडा फरक पडलेला घाण, कारखान्याजवळचे ठिकाण, रोख आणि एकगठ्ठा खरेदी, या कारणांनी दर खरोखर उतरतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख नागपूरला जवळ आहे. ती योग्य प्रमाणात वापरणे ही भेसळ नव्हे, फक्त तिची ताकद सावकाश येते आणि तिला अधिक दिवस पाणी द्यावे लागते. प्रामाणिक विक्रेता सवलतीचे कारण सांगू शकतो. ज्याला ते सांगता येत नाही, तो देवाचे नाव पुढे करतो.

म्हणून दर विचारण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. केवळ पायी वापराच्या अंगणाला ५० मिलिमीटर जाडीचा एम-३० प्रतीचा गट्टू मानकानुसार चालतो. हलकी वाहने येणार असतील, तर ६० मिलिमीटर आणि एम-३५ हवा. आयएसआय चिन्ह असेल, तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर पडताळता येतो. चिन्ह नसेल, तर चाचणीचा अहवाल मागावा. अभियांत्रिकी संस्थांच्या प्रयोगशाळांत दानाच्या रकमेच्या मानाने अल्प खर्चात ही चाचणी होते. नमुना विक्रेत्याने निवडलेला नसावा. ढिगाच्या मधला आपण उचललेला असावा. कारखान्यात जाऊन पाणी मारण्याची जागा आणि घाणांवरील तारखा पाहाव्यात. शिवाय उत्तम गट्टूही खाली मुरमाचा धुम्मस केलेला थर, त्यावर रेतीची सपाट गादी, कडेला पक्का आधार आणि पाण्याला उतार नसेल, तर काळ्या मातीत डोलू लागतो. वैशाखात अनवाणी चालणाऱ्यांसाठी रंग फिका निवडावा, हेही ध्यानी असावे.

हे सारे व्यवहाराचे झाले. त्या दशलक्षण पर्वात उत्तम शौच धर्मावर, म्हणजे लोभाच्या त्यागावर, प्रवचन झाले, तेव्हा कोषाध्यक्षांच्या मनात निराळाच हिशेब चालू होता. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार त्यांना बालपणापासून पाठ होते. उणे माप देणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान आणि हलका माल मिसळून देणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. हे दोन विक्रेत्याच्या माथी होते. पण परवान्याविना नदीपात्रातून उपसलेली रेती त्या मालात असेल, तर तो तदाहृतादान, आणि कच्चे बिल हा विरुद्धराज्यातिक्रम; हे दोन घेणाऱ्याच्या पदरी येतात. उरलेला स्तेनप्रयोग, म्हणजे चोरीला प्रवृत्त करणे. अवाजवी स्वस्ताईचा आग्रह धरणारा ग्राहक विक्रेत्याला याहून निराळे काय सांगत असतो? आपण स्वतःसाठी पैसा वाचवला नाही, संस्थेसाठी वाचवला, ही सबब त्यांनी मनाशी तपासून पाहिली. लोभ संस्थेच्या नावावर जमा केला, तरी तो लोभच राहतो, असे त्यांना दिसले.

क्षमावाणीच्या दिवशी त्यांनी समाजासमोर सारा हिशेब वाचून दाखवला: दर, जाडी, ३६० ग्रॅम पाणी आणि कच्चे बिल. कच्च्या बिलामुळे विक्रेत्याकडे दाद मागण्याची वाट बंद झाली होती, हेही लपवले नाही. पाच फूट दिलेल्या श्राविका पुढे बसल्या होत्या. त्यांची क्षमा मागताना त्यांचा आवाज दाटला. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, माझे पाच फूट वाया नाही गेले. पुढचे सगळे नीट होईल.”

पावसाळा सरून अंगण आपोआप कोरडे झाल्यावर मार्गशीर्षात गट्टू उचलले गेले. नव्या कामातील मोठा वाटा कोषाध्यक्षांनी स्वतः दिला. या वेळी दर ४९ रुपये पडला आणि बिल पूर्ण पक्के. सार्वजनिक न्यासाच्या वहीत लेखापरीक्षकापुढे ठेवता येणार नाही असा एकही कागद असू नये, हा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला. पहिली गाडी येताच कोषाध्यक्ष चालकाशेजारी बसले आणि म्हणाले, “आधी धर्मकाट्यावर चला.” आज मंदिराच्या हिशेबवहीत त्या वजनाची चिठ्ठी बिलाशेजारी डकवलेली आहे.