दूरदर्शी भिंग आणि आदिलाबादची वाट

यात्रेस निघताना गाठोड्यात काय बांधावे आणि काय मागे ठेवावे, हा विचार आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मंगेशीस किंवा शांतादुर्गेस जाणाऱ्या मंडळींची तयारी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस सोवळ्याची पिशवी निराळी, फराळाचा डबा निराळा, औषधांची पुरचुंडी निराळी, ही व्यवस्था ठाऊक असेलच. आता या सामानात छायाचित्रे काढण्याच्या यंत्राची भर पडली आहे. वास्तविक प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असतो आणि त्यात कॅमेराही असतो. मग निराळा कॅमेरा बाळगावा काय, आणि बाळगावयाचाच तर कोणता, असा प्रश्न स्नेही मंडळी आम्हांस वरचेवर विचारतात. आदिलाबाद जिल्ह्यात दोन वेळा हिंडून आल्यावर या प्रश्नास काही निश्चित उत्तर देता येईल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

ज्या जातीच्या कॅमेऱ्याविषयी आम्ही बोलत आहोत, तो मुठीत मावतो, परंतु त्याचे भिंग बाहेर सरकत सरकत दूरची वस्तू जवळ आणते. पॅनासॉनिक कंपनीने 2006 साली दहापट जवळ आणणारा असा कॅमेरा खास प्रवाशांसाठी काढला, तेव्हा लोकांस त्याचे नवल वाटले. 2018 साली सोनीचा एचएक्स 99 निघाला. त्याचे भिंग 24 पासून 720 मिलिमीटरांपर्यंत, म्हणजे तीसपट; वजन केवळ 242 ग्रॅम. त्याच वर्षी कॅननचा एसएक्स 740 एचएस 960 मिलिमीटरांपर्यंत पोचला. पॅनासॉनिकच्या टीझेड 200 ने मात्र निराळा मार्ग धरला. त्याची मजल 360 पर्यंतच, परंतु आत प्रकाश टिपणारी जी पट्टिका असते, ज्यास सेन्सर म्हणतात, तिचे क्षेत्रफळ इतर दोघांच्या चौपट. पुढे दूरध्वनीतील कॅमेरे सुधारले आणि ही जात मागे पडत चालली. तथापि 2025 साली पॅनासॉनिकने टीझेड 99 हा तीसपट भिंगाचा कॅमेरा पुन्हा बाजारात आणला.

हे मिलिमीटरांचे आकडे सामान्य वाचकास काय सांगणार? सोप्या भाषेत सांगावयाचे तर 720 मिलिमीटरांवर शंभर मीटर अंतरावरील सुमारे पाच मीटर रुंदीचा भाग संपूर्ण चित्र व्यापतो. देवळाच्या पटांगणात उभे राहून शिखरावरील कलशाची कोरीव कड न्याहाळता येते, ती यामुळे.

आता आदिलाबादविषयी. हा जिल्हा तेलंगणाच्या उत्तर टोकास आहे आणि पैनगंगेचे पात्र ओलांडले की महाराष्ट्र लागतो. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. त्यामुळे येथील बाजारात तेलुगूबरोबर मराठी व गोंडी सहज कानी पडते. 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तरी डोंगर, सागाची राने आणि कापसाची काळी जमीन यांस त्या वाटणीची खबर नाही. आम्ही पहिल्या खेपेस आश्विनात गेलो, ते माहूरच्या रेणुकादेवीचे दर्शन घेऊन किनवटमार्गे. बरोबर आमच्या मावशी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी बरी, पण गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलेला.

नेरडिगोंड्याजवळ कडेम नदीवर कुंतला नावाचा धबधबा आहे. उंची सुमारे 45 मीटर. त्याच्या पायथ्याशी जावयाचे तर शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात आणि, जे अधिक कठीण, पुन्हा चढाव्या लागतात. मावशी वरच बसल्या. आम्ही कॅमेरा त्यांच्या हाती दिला, भिंग पुढे सरकविले आणि डोळा लावावयाची लहानशी खिडकी उघडून दिली. खालच्या खडकांवर आपटणारे पाणी, त्यात न्हाणारी मुले, एका बाईने दगडावर वाळत घातलेले लाल लुगडे, असे एकेक त्या सांगत गेल्या. चित्र काढण्याची कळ त्यांनी दाबलीच नाही. पुष्कळ वेळाने कॅमेरा परत देत म्हणाल्या, “म्हाका हांगाच्यान दिसलें, पुरो जालें.” आमच्या कॅमेऱ्याची जी परीक्षा आम्ही चालविली होती, तिच्यात हे गुण कोणत्या सदरात मांडावे हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडावयाचे नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट. डोळा लावावयाची खिडकी सर्वच कॅमेऱ्यांस नसते. वर सांगितलेल्यांपैकी सोनीस व टीझेड 200 यांस आहे. कॅननला व नव्या टीझेड 99 ला नाही. आदिलाबादच्या उन्हात मागील पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याच्या प्रतिबिंबावाचून दुसरे काही दिसत नाही. शिवाय कॅमेरा कपाळाशी टेकला की हातही स्थिर राहतो. वडील माणसांसाठी घेणाऱ्यांनी ही खिडकी अवश्य पाहावी.

कुंतल्यास जे यश मिळाले, ते जैनथ येथे टिकले नाही. आदिलाबाद शहराहून सुमारे वीस किलोमीटरांवर जैनथ गाव आहे. तेथे लक्ष्मीनारायणाचे प्राचीन दगडी देवालय आहे. परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेखही या गावी मिळालेला आहे. वर्षातील ठराविक दिवशी सकाळचे सूर्यकिरण देवाच्या चरणांस स्पर्श करतात, असे तेथे सांगतात. बाहेरची शिल्पे कॅमेऱ्याने सुरेख टिपली. मात्र मंडपात पाऊल टाकताच त्याची शक्ती ओसरली. कारण उघड आहे. भिंग जसजसे लांब सरकते, तसतसा त्यातून येणारा प्रकाश घटतो. सोनीच्या उपरोक्त कॅमेऱ्यात तो शेवटच्या टोकास तिपटीहूनही कमी होतो. पट्टिका लहान, त्यात प्रकाश अपुरा. मग यंत्र कृत्रिमरीत्या उजेड वाढविते आणि कोरीव खांबांवर रवा पसरल्यासारखे दिसू लागते. त्याच मंडपात आमच्या चिरंजीवांच्या दूरध्वनीने अधिक स्वच्छ चित्र काढले. दूरध्वनीचे मुख्य भिंग अधिक उघडे असते, आणि लागोपाठ घेतलेली अनेक चित्रे आतल्या आत जुळवून तो एक चांगले चित्र सिद्ध करतो.

दुसरी खेप पौषातली. इंद्रवेल्ली भागातील केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे जल पायी घेऊन येतात आणि रात्री महापूजा होते. 2022 साली याच कुळाने वर्गणी काढून नागोबाचे नवे दगडी मंदिर बांधून पूर्ण केले. आपल्या कुलदेवतांच्या जीर्णोद्धाराचा इतिहास ज्यांनी घरी ऐकला आहे, त्यांस यातील श्रद्धेची ओळख निराळी करून द्यावयास नको. जत्रेत कुळाच्या नव्या सुनांस देवापुढे आणून भेट घडविण्याचा विधी असतो. शुभ्र वस्त्रे नेसलेल्या, पदराआड चेहरा घेतलेल्या त्या मुली रांगेने बसतात.

आम्ही दूर उभे होतो. हातातील भिंगास पन्नास मीटर म्हणजे काहीच नव्हे. पदर किंचित ढळताच एखादीचा चेहरा आमच्या चित्रात भरून राहिला असता आणि तिला त्याचा पत्ताही लागला नसता. आमच्या शेजारी काही मंडळी तेच करीत होती. आम्ही भिंग आत घेतले. आपल्या देवळांत गाभाऱ्याची चित्रे घेऊ नयेत असा नियम असतो, तो आपण निमूटपणे पाळतो. मग सभामंडपाबाहेरून भिंग लांब करून मूर्ती टिपली तर नियम पाळला की मोडला? आमच्या मते मोडलाच. उंबरठा पायांनी न ओलांडता भिंगाने ओलांडला, एवढाच काय तो फरक.

या संदर्भात क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडोर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची आठवण होते. 1940 नंतरच्या दशकात ते याच मुलखातील मार्लवाई गावी गोंडांमध्ये राहिले, आदिलाबादच्या राजगोंडांवर त्यांनी 1948 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि असंख्य छायाचित्रे काढली. त्यांच्या चित्रांमागे भिंगाची लांबी नव्हती, सहवासाची होती. दोन दिवसांच्या प्रवाशास तो सहवास लाभणे नाही. निदान विचारून चित्र घेणे तरी त्याच्या हाती आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांस मराठीत विचारले. त्यांनी फेटा सारखा केला, नातवास जवळ घेतले आणि उभे राहिले. ते चित्र 24 मिलिमीटरांवर, तीन हातांवरून काढलेले आहे.

आता निर्णयाकडे वळू. मोठ्या पट्टिकेच्या कॅमेऱ्याची बाजू दुबळी नाही. त्याचे 360 वर घेतलेले वीस दशलक्ष ठिपक्यांचे चित्र कापून 720 इतके जवळ आणले तरी पाच दशलक्ष ठिपके उरतात, आणि आठ बाय सहा इंचांच्या छापील चित्रास तेवढे पुरतात. ज्याच्यापाशी चांगला दूरध्वनी नाही, त्याने तोच घ्यावा. परंतु ज्याच्या खिशात उत्तम दूरध्वनी आहे, त्यास अंधारातले व जवळचे काम फुकटात होत असते. त्याने निराळा कॅमेरा घ्यावयाचा तो दूरध्वनीस जे साधत नाही त्यासाठी, म्हणजे दूरचे पाहण्यासाठी. अशांस तीसपट भिंगच अधिक उपयोगी. म्हणून आमचा जुना कॅमेरा देऊन मोठ्या पट्टिकेचा घ्यावा, हा बेत आम्ही सोडून दिला.

घेणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकणारे भिंग हवेबरोबर धूळ आत ओढते. कापसाच्या हंगामातील रस्त्यांवर ते मिटून पिशवीत ठेवावे. धबधब्याच्या तुषारांपासून या यंत्रांस संरक्षण नसते. आणि विद्युत्घट तीनशेच्या आसपास चित्रांत थकतो, यास्तव एक जादा बाळगावा.

चवथी गोष्ट यंत्राची नव्हे. ज्यांची चित्रे घेतली त्यांस ती छापून पाठवावीत. त्या वृद्ध गृहस्थांचे व नातवाचे चित्र आम्ही टपालाने धाडले आहे. कुंतल्याचे एक मावशींच्या खोलीत लावले आहे. त्यातले लाल लुगडे त्या येणाऱ्याजाणाऱ्यास बोट ठेवून दाखवितात.