बंपरच्या मागे

खंडेनवमीला आमच्या पाटावर बाबांचे पाने मांडले जायचे. शेजारी पक्कड, हातोडी, प्लग खोलायचा लांब पाना. त्यांना हळदकुंकू, फूल. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मान गाडीचा. झेंडूचा हार पद्मिनीच्या पुढच्या बंपरला बांधायचा, आणि त्याआधी तो बंपर चकचकीत करायचं काम माझं. क्रोममध्ये माझं तोंड परातीएवढं रुंद दिसायचं आणि मागे आमची दुमजली इमारत वाकून उभी असायची.

प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी बाबांनी 1986 मध्ये सेकंडहँड घेतली. आम्ही चिपळूणचे, म्हणजे वर्षातले चार महिने पाण्यातच. बंपर समोरून कितीही चमकला तरी गंज त्याला मागून खातो, हे बाबांना ठाऊक होतं. म्हणून दर मे महिन्यात तो खोलायचाच. आदल्या रात्री बोल्टांवर रॉकेल सोडून ठेवायचं. सकाळी बाबा पान्यावर हळूहळू जोर देत, बोल्ट कुईं करून सैल होई, आणि ते म्हणत, "धर गं पलीकडनं." तो लोखंडी भार दोन्ही हातांवर आला की मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. मग मागच्या बाजूला तारेचा ब्रश, त्यावर रेड ऑक्साइडचा हात. निघालेले बोल्ट डालड्याच्या डब्याच्या झाकणात, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. तो क्रम मोडला तर बाबा रागावत नसत, फक्त सगळे बोल्ट पुन्हा लावून बघत बसत. ते मला जास्त लागायचं.

एकदा कशेडी घाटात धुक्यात बाबांचा अंदाज चुकला आणि गाडी मैलाच्या दगडावर गेली. आम्ही चौघं पुढे फेकलो गेलो, आईच्या कपाळाला टेंगूळ आलं. बंपरला मात्र डाव्या टोकाला एवढासा पोचा. बाबांनी तो लाकडी फळीवर ठेवून ठोकला, पूर्ण निघाला नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या पोच्यावरून मी लांबूनच आपली गाडी ओळखत असे. "बघ, दगड फुटला पण बंपर नाही," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मलाही त्याचा अभिमान होता. आईच्या टेंगळाचा आणि त्या न वाकलेल्या लोखंडाचा काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीला प्लॅस्टिकचा बंपर. अंगठ्यानं दाबला तर आत जाणारा. अनेक वर्षं मी त्याला मनातून मानलंच नाही. भावानं गाडीला पुढे जाड लोखंडी गार्ड बसवून घेतला होता, तेव्हा मला त्याचं बरोबरच वाटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ठाण्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि हॉर्न बसला. हॉर्न बंपरच्या मागे. आधी एका गॅरेजमध्ये बंपर काढून लावला होता, तेव्हापासून तो एका बाजूला किंचित लोंबत होता, म्हणून या वेळी घरीच खोलायचा ठरवला. लेकाला हाताशी घेतलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली. वरचे दोन बोल्ट दहाच्या पान्यानं निघाले. त्यांच्या बाजूला प्लॅस्टिकच्या क्लिपा: मधली टिकली स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं उचलायची, मगच बाहेरची कडी सुटते. घाई केली तर टिकली तुटते. चाकाच्या कमानीत एकेक स्क्रू, खाली पुन्हा क्लिपा. शेवटी कडेनं बाहेर ओढायचा, टक्, टक्, टक्. "धर रे पलीकडनं," मी म्हटलं. फॉगलॅम्पचे कनेक्टर काढेपर्यंत बंपर वायरींवर लटकू द्यायचा नाही.

आत बघून मी तिथेच बसले. वाळकी पानं, वाळलेला चिखल, कंडेन्सरच्या जाळीत अडकलेला पिवळ्या फुलपाखराचा पंख. आणि एका बाजूला दोन क्लिपांच्या जागी कुणीतरी चक्क तार पिळून ठेवलेली. माझ्या गाडीला कुणी असं बांधून ठेवावं, याचं फार वाईट वाटलं. पण लक्ष खिळलं ते मधल्या भागावर. आडवी लोखंडी पट्टी इथेही होतीच. तिच्या पुढे हलक्या फोमचा ठोकळा, आणि त्यावर हे प्लॅस्टिकचं कातडं. गाडी कुणाच्या पायाला लागली तर आधी कातडं वाकणार, मग फोम दबणार. लोखंडाची पाळी सगळ्यात शेवटी. 2017 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ते पुढचे गार्ड का बेकायदा ठरवले, हे मला त्या चादरीवर बसून पटलं. न वाकणारी वस्तू धक्का आपल्यापाशी ठेवत नाही, तो पुढे किंवा मागे कुणाच्या तरी हाडांना देते. भावाला त्याच संध्याकाळी फोन केला. गार्ड निघायला मात्र महिना लागला.

तार काढून नव्या क्लिपा बसवल्या. हॉर्नचं कनेक्शन गंजलं होतं, ते घासून साफ केल्यावर तो असा वाजला की वॉचमन धावत आला.

बाबांची पद्मिनी केव्हाच भंगारात गेली. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाबा असते तर एक दिवस बोलले नसते. त्यांचे पाने माझ्याकडे आहेत. यंदा खंडेनवमीला ते पाटावर मांडताना लेकानं दोन काळ्या क्लिपा आणून शेजारी ठेवल्या. त्यांना कुंकू लावताना बोट घसरत होतं, इतक्या त्या गुळगुळीत आणि हलक्या.