ओळख ना पाळख

वारणानगरात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरामागच्या पडीक रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. टोळ्या बहुतेक बीडकडच्या. दिवसभर तोड करायची आणि संध्याकाळी डोक्यावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन दारोदार वैरण म्हणून विकत फिरायचं. आमच्या म्हशीचं दूध वारणा डेअरीला जातं, त्यात या वाढ्याचा वाटा मोठा. तरी टोळी उतरली की मोटारीची केबल आणि परसातल्या घागरी आत घ्यायच्या, ही गल्लीची रीत.

एका थंडीतल्या रात्री कडी वाजली. बाहेर एक तोडकरी, कडेवर चार-पाच वर्षांची पोर. बायको बाळंतपणात अडली होती, डॉक्टरांनी कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात न्यायला सांगितलं होतं. टोळीचा मुकादम गावाला गेलेला. पैसेच मागणार म्हणून मी खिशात हात घातला.

"पैसं बी लागतीलच मालक," तो म्हणाला, "पर आधी एवढं लेकरू ठिवा. सकाळी नेतो."

आमच्या हिनं पोरगी उचलून आत नेलीसुद्धा. शेजारचे अण्णा कुंपणावरनं म्हणाले, "आरं, ओळख ना पाळख, परत न्हाई आला म्हंजे?"

प्रश्न रास्त होता, फक्त उलट्या बाजूनं विचारायला हवा होता. त्याला तरी आमची ओळख कुठं होती? 1950च्या दशकात कारखान्याचे संस्थापक तात्यासाहेब कोऱ्यांच्या शब्दावर शेतकऱ्यांनी शेअरला पैसे दिले, ते आम्ही अजून अभिमानानं सांगतो. पण ते तात्यासाहेबांना ओळखत होते. हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. आम्ही घागरी आत घेणारे, आणि तो पोटची पोर आमच्या हातात देऊन अंधारात निघून गेला.

पोरगी रडली नाही. दूधभाकरी खाल्ली, म्हशीचं नाव विचारलं. आमच्या म्हशीला नावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मुलगा झाला होता, बाळंतीण सुखरूप होती. रात्री दिलेले पैसे राहू देत म्हटलं तर त्याचा चेहराच बदलला. त्यानं ते उचल म्हणून धरले आणि रोज वाढं टाकून फेडत राहिला. टोळी निघायच्या आदल्या दिवशी हिशेब केला, तेव्हा दोन पेंढ्यांचे पैसे माझ्याकडंच निघाले.