निशाणी बांगडी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "आत्या, मला सगळं थोडं थोडं येतं, पण माझं असं काहीच नाही." मी काहीतरी बोलून विषय टाळला. रात्री झोप लागेना, म्हणून कागद पुढे ओढला.

निवृत्तीनंतरचं माझं पहिलं वर्ष असंच गेलं, हे तुला कधी सांगितलं नाही. सकाळी प्राणायामाचा व्हिडिओ, दुपारी इतिहासावरचं व्याख्यान, संध्याकाळी शेअर बाजार. ऐकताना सगळं पटायचं. महिन्याभराने कुणी विचारलं असतं तर एक वाक्य धड सांगता आलं नसतं. पस्तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, आणि घरी बसून पुन्हा दुसऱ्यांचंच साठवत होते.

मग माळ्यावरून तो रुमाल निघाला. तांबड्या फडक्यात बांधलेले, पणजोबांच्या काळचे कागद. आपल्याच घरातले, आपल्याच भाषेतले, आणि मला एक अक्षर लागेना. मोडी! आजोबा ती भराभर लिहायचे, बाबांना त्यातली जेमतेम सही ओळखू यायची, आणि मी कोरी. दोन पिढ्यांत आपण आपल्याच घरात निरक्षर झालो, हे मला फार लागलं.

शिकायची सोय झाली ती या माहितीच्या युगामुळेच, हे मी विसरणार नाही. बाराखडी यूट्यूबवर गिरवली, मग पुराभिलेख खात्याच्या वर्गाला बसले. 2014 साली मोडी युनिकोडमध्येही आली, म्हणजे तुझ्या फोनातही तिला जागा आहे. पण बाराखडी येणं वेगळं आणि कागद लागणं वेगळं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं, अशी ही लिपी. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कालगणनेने तर महिनाभर दमवलं. वर्गातल्या एका कागदावर 'सन अर्बा सबैन मया व अलफ' असं होतं. अरबीत चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1174. त्यात 599 मिळवले की मृगाला सुरू होणारं 1773चं साल. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते वर्ष! ते पहिल्यांदा माझं मला सुटलं, त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

आता आपल्या रुमालातला तो कागद. व्हिक्टोरिया राणीचा स्टँप, शके 1821, मार्गशीर्ष; म्हणजे 1899, दख्खनमध्ये दुष्काळ पडला तो हिवाळा. गहाणखत आहे. ओढ्याकाठचं रान जोंधळ्यापायी गहाण टाकलेलं. खाली उजवीकडे एक वेडावाकडा गोल होता. मी तो आठ दिवस शाईचा डाग समजत होते. शेजारी बारीक अक्षरात काय आहे, ते नवव्या दिवशी लागलं: 'निशाणी बांगडी'. पुरुष असता तर नांगर काढला असता. लिहिता न येणाऱ्या बाईने सहीऐवजी बांगडी काढायची. ती माझी पणजी, मनू. घरात तिचा फोटो नाही, तिच्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. कारकुनाने वर तिचं नाव लिहिलंय, ते वाचून मी देवापाशी जाऊन बसले.

तू मागे म्हणाली होतीस, थोड्या वर्षांत हे सगळं यंत्र वाचून देईल. देऊ दे की. रुमाल इतके पडलेत की माणसं पुरायची नाहीत. पण यंत्राने वाचला तर कागद वाचून होईल, मला वाचता येणार नाही. माझं म्हणावं असं जे काही या वयात मिळालं, ते त्या आठ दिवसांत मिळालं. आता गल्लीतली तीन घरं आपापली गाठोडी घेऊन येतात. मी ओसरीवर भिंग घेऊन बसते आणि लोक त्यांच्या आजोबांचा हिशेब ऐकायला भोवती उभे राहतात. एवढं मन लावून माझं बोलणं नोकरीत कुणी ऐकलं नव्हतं.

आणि एकतिसाव्या वर्षी तुला उशीर झालासा वाटतो! रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तराचे 45 खंड काढायला घेतले ते 1930 साली, बडोद्याची नोकरी संपवून आल्यानंतर, पासष्टाव्या वर्षी. तू मोडीच शीक असं मी म्हणत नाही. तुझे ते अर्धवट राहिलेले अकरा कोर्स मात्र सोडून दे. ते पुरे करायचं ओझं बाळगू नकोस. आणि त्यातल्या एखाद्याने रात्री जागं ठेवलं असेल तर तो कोणता, एवढं मला कळव.

दिवाळीला आलीस की गहाणखत दाखवीन. बांगडीचा गोल पुरता जुळलेला नाही. शेवटी शाई बाहेर ओघळलीय. तो तिनेच काढला असावा; कारकुनाचा हात असा थरथरला नसता.

तुझी,
आत्या