मातीतला वाळा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की पुणे-दौंड लोहमार्गावरील खुटबाव गावच्या मातीला जाग येते. उसाच्या सऱ्यांतून पाणी झुळझुळू लागते आणि जमिनीच्या पोटात दडलेले लहानसहान जीव वर येतात. अशाच एका सकाळी एक मुलगा आजीबरोबर परसातील उकिरडा उपसत होता. ओल्या खताखालून काळसर तपकिरी रंगाचा, वीतभरही लांब नसलेला एक जीव वळवळत बाहेर आला.

“आजे, गांडूळ बघ कसं चमकतंय!” असे म्हणून मुलाने तो तळहातावर घेतला. तोच त्याच्या शेपटीचे बारीक टोक बोटाला टोचले. मुलगा दचकला. हातातला जीव खाली टाकून त्याने खुरपे उगारले.

“अरं, थांब!” आजी म्हणाली, “त्यो वाळा हाय, गरीब जीव. त्याला इख नसतं.”

खुरपे थांबले. एक जीव वाचला. परंतु प्रत्येक वाळ्याजवळ अशी आजी नसते.

वाळा हा साप आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे डोळे म्हणजे खवल्यांखाली झाकलेले दोन काळे ठिपके. त्यांना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो; म्हणून त्याला आंधळा साप म्हणतात. मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या हे त्याचे अन्न. शेपटीचा काटा जमिनीत रोवून तो पुढे सरकतो. तो काटा म्हणजे नांगी नव्हे. गांडुळाच्या अंगावर आडवी वलये असतात. वाळ्याचे अंग गुळगुळीत खवल्यांनी मढलेले असते आणि मधूनच त्याची इवलीशी जीभ लवलवते.

१८०३ साली दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने या सापाला शास्त्रीय नाव दिले. त्याचा मूळ नमुना विशाखापट्टणमचा होता. या जातीत आजवर केवळ माद्याच आढळल्या आहेत. नरावाचूनच त्यांची वंशवृद्धी होते. त्यामुळे फुलझाडांच्या कुंडीतील मातीतून एखादा वाळा परदेशी गेला, तरी तेथे त्याचा वंश वाढू शकतो. हवाई बेटांवर मुळात जमिनीवरचा एकही साप नव्हता. तेथेही वाळा असाच जाऊन पोहोचला. त्याच्या एका गुलाबीसर भाऊबंदाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर राहतो, अन्यत्र कोठेही नाही. आणि तेथेही तो क्वचितच दृष्टीस पडतो.

खुटबावचा वाळा तसा दुर्मिळ नाही. पण विपुल आहे म्हणून त्याचा जीव स्वस्त ठरतो काय? तो आंधळा खरा. पण कोणाला इजा करीत नाही. डोळस माणसाचे खुरपे मात्र नीट न पाहताच उगारले जाते.

त्या मुलाने खुरपे बाजूला ठेवले आणि वाळ्यावर ओंजळभर ओली माती हलकेच लोटली. क्षणभर माती हलली, मग वाळा खोल निघून गेला.