पौड खोऱ्यातील ओळखींचे भांडवल : विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था आणि त्यांच्यातील दुवा

विद्यार्थ्यांना स्वयंसेवी संस्थांशी जोडून देण्याचा विचार महाराष्ट्रात बहुधा सेवेच्या संस्काराच्या अंगाने केला जातो, आणि त्या जोडणीतून ओळखींचे जे वाटप होते किंवा व्हायचे राहते, त्याकडे मात्र शिक्षणसंस्थांचे फारसे लक्ष जात नाही. ‘नेटवर्किंग’ या नावाने आज ओळखला जाणारा व्यवहार म्हणजे आपल्या घर, गाव व जात यांच्या वर्तुळाबाहेरील माणसांशी आणि संस्थांशी हेतुपूर्वक संपर्क निर्माण करणे, तो टिकवणे आणि गरजेच्या वेळी त्याचा दोन्ही बाजूंना उपयोग होईल अशी व्यवस्था राखणे होय. सुशिक्षित, शहरी घरातील मुलाला असे संपर्क वडीलधाऱ्यांकडून आपसूक मिळतात. ज्या घरातून पहिलीच पिढी महाविद्यालयात जात आहे, त्या घरातील मुलीला ते कोणीतरी मिळवून द्यावे लागतात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, विशेषतः पौड खोऱ्यात, विद्यार्थी व संस्था यांची गाठ घालून देण्याच्या कामाशी प्रस्तुत लेखकाचा निकटचा संबंध आला. ओळख हेही एक भांडवल आहे आणि ते सार्वजनिक करणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य आहे, हा त्या अनुभवातून निघालेला निष्कर्ष येथे मांडायचा आहे.

या निष्कर्षाला समाजशास्त्रातील एका प्रसिद्ध सिद्धान्ताचा आधार आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, नोकरीची माहिती माणसाला जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक वेळा मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, तर दूरचा परिचित वेगळ्या वर्तुळात वावरत असल्यामुळे नवी बातमी आणतो. अशा विरळ परिचयांना त्यांनी ‘दुबळे दुवे’ म्हटले आणि त्यांचे सामर्थ्य मोठे असते असे प्रतिपादन केले. मुळशीतील मुलामुलींच्या बाबतीत या सिद्धान्ताची प्रचिती रोज येते. त्यांचे घट्ट दुवे पुष्कळ असतात, भावकी असते, तरुण मंडळ असते, दिंडीतील सोबती असतात. परंतु ही सर्व माणसे त्याच खोऱ्यातील आणि त्याच दोनचार व्यवसायांतील असल्यामुळे पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी नोकरी किंवा जमिनीच्या व्यवहारातील मध्यस्थी यांपलीकडची वाट त्यांच्याकडून क्वचितच कळते.

हे अधिक खटकते, कारण जगाशी जोडलेल्या शिक्षणसंस्था याच तालुक्यात उभ्या आहेत. लवळे येथे सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आहेत, तर तालुक्याचे ठिकाण असलेल्या पौडजवळच्या खुबवली गावाच्या डोंगरावर 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालते, ज्याच्या इमारतींची रचना वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी केली आहे. हे महाविद्यालय ज्या चळवळीचा भाग आहे, तिचा आरंभ जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या प्रेरणेने 1962 मध्ये वेल्समधील अटलांटिक कॉलेजात झाला. शीतयुद्धाच्या काळात निरनिराळ्या देशांतील तरुणांनी एकत्र राहून, एकत्र शिकून आणि एकत्र श्रम करून परस्परांविषयीचा संशय दूर करावा, अशी तिची भूमिका होती. आज या चळवळीची अठरा विद्यालये आहेत आणि दीडशेहून अधिक देशांतील राष्ट्रीय समित्या त्यांच्यासाठी विद्यार्थी निवडतात. येथे शिकवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएट पदविकेत सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा हा त्रिविध उपक्रम सक्तीचा असतो, म्हणजेच तो पूर्ण केल्याशिवाय विद्यार्थ्याला पदविका मिळत नाही.

या रचनेतील शिकण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे संपर्क योगायोगावर सोडलेला नाही. निवड करणारी समिती, सेवाकार्याची जागा ठरवणारा शिक्षक, उत्तीर्ण होऊन जगभर विखुरलेले माजी विद्यार्थी आणि त्यांच्या पुढील शिक्षणाचा भार उचलणारे दाते या सर्वांना एका साखळीत बांधलेले आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेश मिळवणाऱ्या या विद्यालयांच्या पदवीधरांसाठी 2000 मध्ये सुरू झालेली डेव्हिस शिष्यवृत्ती योजना हा त्याच साखळीचा एक दुवा आहे. डोंगरावर शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला एखाद्या दूरच्या देशातील मानवी हक्क संघटनेत काम करायचे असेल, तर तिला तेथील माणसाचे नाव विचारण्यासाठी कोणीतरी उपलब्ध असते. पायथ्याच्या वाडीतील तिच्या समवयस्क मुलीची बुद्धी आणि कष्टाची तयारी तेवढीच असते. तिच्याजवळ विचारण्यासाठी माणूस नसतो. दोघींच्या भवितव्यातील अंतराचा मोठा भाग या एका उणिवेतून निर्माण होतो.

खोऱ्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संस्थांकडे नेण्याचे काम करताना ही उणीव कोणकोणत्या रूपांत समोर येते, हे प्रस्तुत लेखकाला जवळून पाहता आले. पहिले रूप अगदी व्यावहारिक होते. संस्थांच्या बैठका कोथरूड किंवा शिवाजीनगर भागात सायंकाळी भरत, आणि कोळवण खोऱ्यातील मुलीला परतीच्या एस.टी.साठी त्याच वेळी निघावे लागे. तिच्या घरच्यांना संस्थेचे ध्येय काय आहे यापेक्षा ‘सोबत कोण आहे आणि घरी कोण सोडणार’ हे आधी जाणून घ्यायचे असे, आणि त्या प्रश्नात अविश्वासापेक्षा काळजी अधिक असल्यामुळे त्याचे सरळ उत्तर देणे हाच पुढे जाण्याचा मार्ग होता. दुसरे रूप भाषेचे होते. अर्जात इंग्रजीतून आपल्या उद्दिष्टाविषयी निवेदन लिहिण्याची अट असे आणि त्या रकान्यापाशी अनेकांचा अर्ज थांबे. परंतु त्याच विद्यार्थ्यांना मराठीत लिहायला सांगितले असता, बंगल्यांच्या योजनांसाठी विकल्या गेलेल्या जमिनी, होळीनंतर आटणारे झरे आणि भातशेती सोडून गाड्या चालवू लागलेले भाऊ यांविषयी त्यांनी असे बारकाईने लिहिले की, पर्यावरणावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते कागद मागून घेतले. तिसरे रूप संकोचाचे होते. ‘तिथं गेल्यावर बोलायचं काय?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी इतक्या वेळा विचारला की, त्याचे उत्तर शिकवणे हा या कामाचा गाभाच होऊन बसला.

मोठ्या सभागृहात संस्थांची टेबले मांडून विद्यार्थ्यांना त्यांच्यामधून फिरवण्याची जी मेळाव्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, ती या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, असे या अनुभवात दिसून आले. मेळाव्यात पत्रके वाटली जातात, फोन क्रमांक लिहून घेतले जातात आणि आधीपासून बोलका असलेला विद्यार्थी अधिक ओळखी करून परततो. जो मागे उभा असतो, तो मागेच राहतो. याउलट, पाचसहा विद्यार्थ्यांनी एका शिक्षकासह संस्थेच्या कामाच्या जागी पूर्ण दिवस घालवला, तेथील एखादे छोटे पण खरे काम हाती घेतले आणि महिन्याभराने त्या कामाचे काय झाले हे सांगण्यासाठी ते पुन्हा गेले, तर ओळख रुजते. दुसऱ्या भेटीचे महत्त्व पहिल्या भेटीहून मोठे असते, कारण पहिल्या भेटीत विद्यार्थी पाहुणा असतो आणि दुसऱ्या भेटीत त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवली जाते.

येथे ‘जागतिक दृष्टीची संस्था’ म्हणजे काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. परदेशी निधी मिळणारी किंवा परदेशात कार्यालय असणारी संस्था असा तिचा अर्थ बहुधा घेतला जातो. वस्तुतः आपल्या गल्लीतील प्रश्नाची जगातील इतर ठिकाणच्या प्रश्नांशी असलेली नाळ जिने ओळखली आहे, ती संस्था जागतिक दृष्टीची समजली पाहिजे. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचक कष्टकऱ्यांची संघटना याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2008 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली तेव्हा पुण्यातील हा प्रश्न लॅटिन अमेरिकेतील कष्टकऱ्यांच्या प्रश्नाचा सख्खा शेजारी असल्याचे जगापुढे आले. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळा सोडलेली ग्रामीण मुले हाताने काम करत तंत्रज्ञान शिकतात. याच आश्रमात 2002 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची सर्वांसाठी खुली कार्यशाळा, उभी राहिली आणि पुढे जगभर पसरलेल्या अशा कार्यशाळांच्या जाळ्यातील ती अगदी आरंभीची ठरली. मुळशीतील विद्यार्थ्याला जग भेटण्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

महाविद्यालयांच्या हाती यासाठी लागणारी साधने आधीपासून आहेत. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला 120 तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करणे अपेक्षित असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत आता क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे गुण, दिले जातात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने 2006 पासून चाललेला ‘निर्माण’ हा उपक्रम तर तरुणांना सामाजिक प्रश्नांशी आणि परस्परांशी दीर्घकाळ जोडून ठेवण्याचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयोग आहे. ही साधने असूनही श्रेयांकाचे तास भरण्यापुरते वृक्षारोपण आणि सर्वेक्षण उरकले जाते, याचे कारण संस्था व महाविद्यालय यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस नेमलेला नसतो आणि जो शिक्षक ते काम मनापासून करतो, त्याच्या कार्यभारात त्या तासांची नोंदही होत नाही.

या व्यवहारात तिसरा पक्ष असतो तो गावाचा, आणि मुळशीत त्याचा विचार प्रथम करावा लागतो. येथील नद्या अडवून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याच्या टाटा कंपनीच्या योजनेविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. त्याचे नेतृत्व करणारे सेनापती बापट हे स्वतः शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेलेले आणि दूरदेशीच्या क्रांतिकारकांशी संपर्क जोडलेले विद्यार्थी होते. ती जगाची ओळख त्यांनी अखेर या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या कामी आणली. धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. बाहेरचे जग आपल्याला न विचारता आपल्या दारी येते, ही जाणीव या तालुक्याला वारशाने मिळालेली आहे. म्हणून विद्यार्थ्यांचा गट वाडीत येतो तेव्हा तो कोणाला विचारून आला, भातलावणीच्या धांदलीत का आला, मुलांची छायाचित्रे कोणाच्या संमतीने काढली आणि गोळा केलेली माहिती कोठे गेली, हे प्रश्न ग्रामस्थ विचारतात आणि ते योग्यच असतात. विचारवंत इव्हान इलिच यांनी 1968 मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणात, केवळ सद्हेतूच्या बळावर परक्यांच्या गावात जाणाऱ्या तरुणांकडून होणाऱ्या हानीची परखड जाणीव करून दिली होती. त्याउलट, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच गावात 1920 मध्ये पियर सेरेसोल यांनी सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय श्रमसेवेची परंपराही आहे. हेच सेरेसोल 1934 च्या बिहार भूकंपानंतर पुनर्बांधणीसाठी भारतात आले होते. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला काम सुरू करण्यापूर्वी ठाऊक असल्या पाहिजेत.

खोऱ्यातील अनुभवात सर्वांत समाधानकारक प्रसंग तेव्हा घडले, जेव्हा स्थानिक विद्यार्थी लाभार्थी न राहता जाणकार सहकारी झाले. परदेशी किंवा शहरी विद्यार्थ्यांना वाडीत काम करायचे तर मराठी लागते, धनगर वस्तीची वाट लागते, कोणत्या घरी आधी जायचे याचे भान लागते; हे सर्व ज्ञान पौड खोऱ्यातील मुलामुलींपाशी असते. त्यांच्याकडून दुभाषाचे काम फुकटात करून घेण्याऐवजी त्यांना संशोधनातील सहभागी म्हणून मान, अहवालावर नाव, प्रवासखर्च आणि काम संपल्यावर लेखी शिफारसपत्र दिले, तर देवाणघेवाण बरोबरीची होते. दोन भाषांमधून चर्चा पुढे नेणाऱ्या विद्यार्थिनीला पुढच्या खेपेस संस्थेकडून स्वतंत्रपणे बोलावणे येते, आणि तेव्हा तिच्यासोबत मध्यस्थाने जाण्याची गरज उरत नाही.

यावरून काही ठोस सूचना करता येतात. प्रत्येक महाविद्यालयात संस्थासंपर्काची जबाबदारी असलेला एक शिक्षक असावा आणि त्या कामाचे तास त्याच्या कार्यभारात धरले जावेत. महाविद्यालय, संस्था व ग्रामपंचायत यांच्यात साधा मराठी करार असावा. त्यात कामाचा कालावधी, खर्च, अठरा वर्षांखालील मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आणि माहितीचा वापर लिहिलेला असावा. 2020 मध्ये परकीय अभिदान कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही; त्यामुळे मोठ्या संस्थांनी छोट्या ग्रामीण संस्थांना माणसे, कौशल्य आणि ओळखी देणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे. तालुक्यातील संस्था, माजी विद्यार्थी आणि मदतीस तयार असलेल्या व्यक्ती यांची संमतीने केलेली सूची पौडसारख्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयात खुली ठेवावी आणि दरवर्षी ती नव्याने तपासावी. डोंगरावरील, लवळ्यातील आणि खोऱ्यातील शिक्षणसंस्थांनी ही सूची एकत्रितपणे चालवली, तर कोणत्याही वाडीतील विद्यार्थ्याला आपल्या प्रश्नावर जगात कोण काम करते हे विचारण्याचा हक्काचा पत्ता मिळेल. आणि तो पत्ता त्याला वडिलांच्या ओळखीशिवाय मिळणे, हीच या संपूर्ण खटाटोपाच्या यशाची कसोटी मानली पाहिजे.